उत्तरार्ध शालनकडे

दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्या धायरीतल्या सोसायटीत जिन्याजिन्यातून बातमी फिरत होती, की पहिल्या मजल्यावरच्या शालननं पोटच्या मुलीच्या पहिल्या पगाराची वस्तू चोरली आणि तांदळाच्या डब्यात लपवली. बातमी साफ खोटी होती. डबा तांदळाचा नव्हता, ज्वारीच्या पिठाचा होता. आणि वस्तूही अख्खी नव्हती, अर्धीच होती. बाकी तपशील बरोबर.

अर्धीच का, हे समजायचं तर शालन आणि तिचा नवरा उत्तरेश्वर सिनेमा कसा बघतात, ते आधी कळायला हवं.

लग्न होऊन दोघं उस्मानाबादकडून पुण्यात आले, तेव्हा धायरी हे गाव होतं. जयसिंग नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्याकडेची एक खोली भाड्यानं मिळाली. खिडकीतून गवार दिसायची. आज त्याच गवारीवर आमची सोसायटी उभी आहे. उत्तरेश्वर सिंहगड रोडवरच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे तांब्याची तार गुंडाळायचं काम, करायचा. दोघांनाही एकच व्यसन, सिनेमा. रविवार आला की मंडईजवळचं थिएटर ठरलेलं. मग अठ्ठ्याऐंशी साली पूर्णिमा झाली, आणि या मुलीला अंधाराचं वावडं निघालं. थिएटरातले दिवे गेले की ती असं भोकाड पसरायची की पडद्यावरच्या दरोडेखोरानंही मागे वळून बघावं.

पहिल्या वेळी उत्तरेश्वर मुलीला घेऊन बाहेर बसला आणि शालननं अख्खा सिनेमा बघितला. त्यावरून स्वारगेटपर्यंत भांडण झालं. दुसऱ्या वेळी शालन बाहेर बसली. तेव्हा भांडण धायरीपर्यंत पुरलं. तिसऱ्या रविवारी वाटणी झाली: मध्यंतरापर्यंतचा सिनेमा उत्तरेश्वरचा, मध्यंतरानंतरचा शालनचा. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. तिकीट एकच, खुर्चीही एकच. दारावरचा माणूस ओळखीचा झाला होता, तो काही बोलायचा नाही. मध्यंतरात भज्यांच्या रांगेत मुलगी या कडेवरून त्या कडेवर जायची, उत्तरेश्वर घाईघाईनं मागची गोष्ट सांगायचा, आणि शालन आत जाऊन त्यानं उबवून ठेवलेल्या खुर्चीत बसायची. तिच्या वाट्याची गोष्ट मात्र परतीच्या बसमध्ये, पूर्णिमा खांद्यावर झोपली की, निवांत चालायची. तिकडे कंडक्टरही कान लावून असायचा.

या वाटणीचा दोघांच्या मतांवर जन्माचा परिणाम झाला. गाणी, कॉलेज, बागा, ओळखीपाळखी हे सगळं पूर्वार्धात. तेव्हा उत्तरेश्वरच्या मते सिनेमातली माणसं मोठी आनंदी. खून, कोर्ट, इस्पितळ, आईचं रडणं हे सगळं उत्तरार्धात. तेव्हा शालनच्या मते सिनेमात कुणाचं कधी धड चाललंय?

"नायिका काय हसरी होती गं!"

"हसरी? अहो, ती दीड तास डोळ्याला पदर लावून होती. पदर पिळला असता तर बादली भरली असती."

"आणि तो मामा. देवमाणूस."

"त्या देवमाणसानंच विष घातलं."

"मामानं? शक्य नाही. मुलांना पेढे वाटत होता गं तो!"

"त्याच पेढ्यात."

पूर्णिमा मोठी झाली, अंधाराची भीती गेली, सिंहगड रोडवर गुळगुळीत फरशांचं मल्टिप्लेक्स आलं, आणि दोघं शेजारी शेजारी बसून सिनेमा बघू लागले. पण पहिल्याच खेपेला अख्खा सिनेमा दोघांनी मिळून बघितला, आणि घरी येताना बोलायला काही उरलंच नाही. धायरी फाट्यापर्यंत दोघं मुक्यानं आले. तेव्हापासून उत्तरेश्वर मध्यंतरात सामोसा आणायला म्हणून जातो आणि मुद्दाम दहा मिनिटं उशिरा परततो. तेवढी दहा मिनिटं मग शालननं सांगायची. आमच्या मजल्यावर भिंती पातळ आहेत, त्यामुळे परवाच्या सिनेमाबद्दल त्यांचं मत काय, हे आम्हाला चहाबरोबर कळतं. "गाडी उडाली ती चांगली उडवली, पण तो पोरगा कर्ज न काढता एवढी गाडी घेतो कुठून?" हे उत्तरेश्वरचं. "नायकानं पिक्चरभर एकदाही भांडं उचलून मोरीत ठेवलं नाही, त्याला कुठल्या मुलीनं हो म्हणावं?" हे शालनचं.

आता त्या सिनेमाकडे येऊ. त्याचं नाव सांगत नाही. तो पडला, आणि पडला ते बरंच झालं.

ब्याण्णव सालची गोष्ट. बाहेरचा माल स्वस्तात येऊ लागला होता, आणि उत्तरेश्वरच्या कारखान्याच्या गेटला एके सोमवारी कुलूप लागलं. कामगार गेटवर थोडा वेळ उभे राहिले आणि पांगले. उत्तरेश्वर मात्र घरी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही डबा घेऊन सातला निघाला, सारसबागेत जाऊन बसला, बाकावर डबा खाल्ला आणि वेळेवर परत आला. असे जवळजवळ तीन आठवडे.

शालनला ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. उत्तरेश्वरच्या डब्याच्या झाकणावर रोज एक काळं बोट उमटलेलं असायचं. कामाच्या दिवशी हात कितीही धुतले तरी वाइंडिंगवाल्याच्या अंगठ्याचा ताजा काळेपणा पुरता जात नाही. ते बोट रोज संध्याकाळी राखेनं घासून काढताना शालन रोज एकदा त्याला नावं ठेवायची. त्या मंगळवारी झाकण स्वच्छ आलं. बुधवारीही. गुरुवारी शालननं झाकण उजेडात धरून उलटंसुलटं बघितलं, आणि न घासताच फळीवर ठेवलं. तिनं विचारलं नाही. जो माणूस कधी तिच्याशी खोटं बोलला नाही, तो एवढं लपवतोय म्हणजे त्याला ते किती जड जात असेल, हे तिला दिसत होतं. तो आपणहून सांगेल म्हणून ती वाट बघत राहिली.

तिसऱ्या रविवारी त्यानंच सिनेमा काढला. "सगळं नेहमीसारखं दिसायला हवं होतं ना त्यांना," हे शालन आता सांगते. थिएटरात गेले. मध्यंतराला तो बाहेर आला तो चुन्यासारखा पांढरा होऊन. भज्यांच्या रांगेत त्यानं तिला अडखळत पूर्वार्ध सांगितला: नायक गिरणीत असतो, चांगली गाणीबिणी म्हणतो, आणि मग गिरणीला टाळं लागतं, आणि तो बायकोला न सांगता रोज डबा घेऊन बाहेर पडतो. "डबा घेऊन उभा असतो गेटसमोर आणि मध्यंतर होतं," एवढं म्हणून उत्तरेश्वरनं पूर्णिमेला घट्ट धरलं. "तू जा. बघ पुढं काय होतं ते."

शालन आत जाऊन बसली. पुढं जे झालं ते फार वाईट होतं. नायक दारूला लागला, बायकोला कशाचा पत्ताच नाही, घर गेलं, आणि शेवटी गिरणीला आग लागली तेव्हा मालकाच्या मुलाला वाचवताना नायक मेला. लोक नाक पुसत बाहेर पडले. शालन सगळ्यांच्या शेवटी निघाली. दारात उत्तरेश्वर उभा होता, खांद्यावर झोपलेली पूर्णिमा, आणि डोळ्यांत असा प्रश्न की परीक्षेच्या निकालालाही कुणी एवढा घाबरत नाही.

"पुढं?" त्यानं विचारलं.

थिएटरच्या दारापासून रस्त्यापर्यंत सात पायऱ्या होत्या. तेवढ्या वेळात शालननं सिनेमा बदलला.

"काही नाही हो. त्याच्या बायकोला आधीच कळलेलं असतं."

"कसं?"

"डब्याच्या झाकणावर रोज काळं बोट असायचं. ते दिसेना झालं."

उत्तरेश्वर थबकला. मंडईतून येणारी एक हातगाडी त्याला वळसा घालून गेली, शिवी देऊन गेली. तो परत चालू लागला.

"मग ती चिडते?"

"छे. ती म्हणते, आपल्या घरमालकिणीचा मिक्सर जळून पडलाय. तुमच्या हातात वाइंडिंग आहे. बघा तरी उघडून. तिथून सुरुवात होते. मग शेजारचा मिक्सर, मग गल्लीतला. मग दुकान घालतो. मोठं नाही, आपलं छोटंसं. शेवटच्या सीनला बायको दुकानाला हार घालते."

"गिरणी कामगार, आणि वाइंडिंग?"

"गिरणीत काय मोटारी नसतात?" शालन म्हणाली. अशा वेळी तिला कुणी अडवू शकत नाही.

बस वडगावपाशी आली तेव्हा उत्तरेश्वर खिडकीकडे बघत म्हणाला, "शालन, तुला एक सांगायचंय." आणि त्यानं सगळं सांगितलं. गेट, कुलूप, सारसबाग. सिनेमातल्या बाईसारखं आपल्या बायकोच्या लक्षात यायच्या आत आपणच सांगितलेलं बरं, असा त्याचा हिशेब. शालननं काय करावं? "अगं बाई!" म्हणून कपाळाला हात लावला. बसमध्ये बसायला जागा असती तर मटकन बसलीही असती.

दुसऱ्या दिवशी घरमालकीण, म्हणजे जयसिंगची आई मथुराबाई, हिच्या फळीवरचा मिक्सर खाली आला. "बंद पडल्याला हाय, बघ बाबा जमतंय का," ती म्हणाली. जमलं. त्या दसऱ्याला जयसिंगच्या गोठ्याच्या पडवीत एक टेबल लागलं आणि त्याला शालननं हार घातला. आज तिथं पक्कं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय: 'उत्तरार्ध. मिक्सर, ग्राइंडर, पंखा दुरुस्ती. दुपारी १ ते ४ मध्यंतर. या वेळात शटर वाजवणाऱ्यांचा मिक्सर सर्वांत शेवटी पाहिला जाईल.' उत्तरेश्वर मिक्सर उघडता उघडता प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या सिनेमाची गोष्ट सांगतो. झाकण, काळं बोट, घरमालकीण, हार. अर्ध्या धायरीला ती पाठ आहे. आणि गोष्ट संपली की छाती थोडी पुढं काढून एक वाक्य हमखास: "पण मी काही बायकोला कळेपर्यंत थांबलो नाही. मी स्वतः सांगितलं हिला."

हे वाक्य त्याला दुकानापेक्षाही मोलाचं आहे, हे शालनला ठाऊक होतं. सतरा वर्षं तिनं ते जपलं होतं.

आणि या वर्षी, दोन हजार नऊच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पूर्णिमा हिंजवडीहून आली ती उड्या मारतच. पहिला पगार झालेला. "आई, बाबा, डोळे मिटा!" बुधवार पेठेच्या चार गल्ल्या पालथ्या घालून तिनं तो सिनेमा शोधला होता. सीडीचा डबा, आत दोन चकत्या: एकीवर मध्यंतरापर्यंतचा, दुसरीवर मध्यंतरानंतरचा. "ज्या पिक्चरमुळे आपलं घर उभं राहिलं तो मीच एकटीनं बघितला नाही. मी तर बाहेर रडत होते. उद्या दुकानाची पूजा झाली की दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांना दाखवू. कस्टमर लोकांनापण सांगितलंय."

उत्तरेश्वरनं डबा दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला. "सतरा वर्षांनी उत्तरार्ध बघणार मी," तो म्हणाला. शालननं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

बापलेक जयसिंगकडे खुर्च्या मागायला गेले, तेव्हा तिनं डबा उघडला. दुसरी चकती काढली. कपाटात ठेवली असती तर पूर्णिमेला सापडली असती, देव्हाऱ्यात ठेवायचं तिला धाडस झालं नाही. मग ज्वारीच्या पिठात कोपरापर्यंत हात घातला.

दसऱ्याला दुपारी हॉल भरला. पहिल्या रांगेत गोपाळकृष्ण बसलेले. हे दुसऱ्या मजल्यावरचे, विमा कचेरीतून निवृत्त. बघितलेल्या प्रत्येक सिनेमाची तारीख, थिएटर आणि शेवट त्यांच्या वहीत लिहिलेला असतो. 'उत्तरार्ध'ची गोष्ट ऐकताना ते नेहमी भुवया वर करायचे, पण मिक्सर दुकानात अडकलेला असल्यामुळे बोलायचे नाहीत.

पहिली चकती संपली. नायक डबा घेऊन गेटसमोर उभा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण पुढं काय होणार हे सगळ्यांना तोंडपाठ. पूर्णिमेनं डबा उघडला. दुसरी खाच रिकामी.

"फसवलं त्यानं!" तिचा आवाज चिरकला. "एवढा म्हातारा माणूस, मला म्हणाला, बाळ, पहिला पगार का, मग घे, दोन्ही चकत्या तपासून देतो. आणि एकच दिली! उद्या जाते आणि सगळ्यांसमोर चांगली सुनावते त्याला."

"जाऊ दे गं," उत्तरेश्वर म्हणाला. "आपल्याकडे उत्तरार्ध शालनकडे असतो. शालन, सांग."

पन्नास माना शालनकडे वळल्या. ती उभी राहिली. पदर सावरला. "मग... त्याच्या बायकोला आधीच कळलेलं असतं. झाकणावर..."

"असं काही नाही त्यात," गोपाळकृष्ण पुटपुटले. मिक्सर आदल्याच दिवशी घरी आला होता.

शालननं त्यांच्याकडे बघितलं नाही. ती पूर्णिमेकडे बघत होती. पोरगी डोळे पुसत होती, आणि बुधवार पेठेतला कुणी म्हातारा उद्या विनाकारण चारचौघांत चोर ठरणार होता. एवढं मात्र शालनच्यानं होईना.

"थांबा," ती म्हणाली, आणि जिना चढून गेली. परत आली ती पिठानं माखलेला हात आणि पांढरीफेक चकती घेऊन. पदरानं पुसली. "त्यानं बरोबर दिली होती. मीच काढून ठेवली. लावा."

लावली. पीठ कुठंतरी राहिलंच होतं, त्यामुळे चित्र अडकत अडकत पुढं गेलं. नायक दारू प्यायला. बायकोला काही कळलं नाही. घर गेलं. आगीत तर चकती अशी अडकली की नायक चार वेळा मेला. शालन पडद्याकडे बघत नव्हती. ती उत्तरेश्वरच्या मानेकडे बघत होती.

दिवे लागले. उत्तरेश्वर वळला नाही. रिकाम्या पडद्याकडे बघतच म्हणाला, "शालन, यात झाकण नाही."

"नाही."

"आणि घरमालकीण?"

"तीपण नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो. दुसऱ्या दिवसापासून."

"आणि मी बसमध्ये सांगितलं तेव्हा तू 'अगं बाई' म्हणून कपाळाला हात लावलास."

"लावला." शालनचा आवाज बारीक झाला. "तुम्हाला स्वतःहून सांगायचं होतं ना. म्हणून."

आता वास्तविक शेजाऱ्यांनी उठून जायला हवं होतं. कुणी गेलं नाही. उत्तरेश्वर उठला. त्यानं आपल्या अंगठ्याकडे बघितलं, तो तसाच काळा होता. मग पूजेच्या ताटातलं आपट्याचं पान उचललं. घरात बायकोला तो नेहमी शेवटी सोनं देतो, आधी थोरामोठ्यांना. आज त्यानं सरळ शालनसमोर जाऊन तिच्या पिठाळ हातावर पान ठेवलं, आणि सगळ्यांसमोर तिच्या पायांशी वाकायला लागला.

"अहो, कंबर!" शालन किंचाळली आणि त्याला अर्ध्यातच धरलं.

तसाच अर्धा वाकलेला तो म्हणाला, "काम चांगलं केलंस. यातल्या हीरोइनीपेक्षा कितीतरी बरं. ती नुसती रडते." मग डोळे पुसत हॉलकडे वळला. "पिक्चर पार टुकार आहे. पूर्वार्ध ठीक. बरं झालं, मी त्या दिवशी बाहेर होतो."

पूर्णिमा आईच्या गळ्यात पडली आणि तिलाही पीठ लागलं. जयसिंगनं शिट्टी मारली. लोक एकमेकांना सोनं देऊ लागले. जिन्यात बातमी सुरू झाली, ती तांदळाची, वर सांगितलेली.

एकटे गोपाळकृष्ण अजून खुर्चीत होते. वही उघडी, पेनाचं टोपण काढलेलं. "पण शालनताई," ते म्हणाले, "म्हणजे सतरा वर्षं तुम्ही अख्ख्या धायरीला खोटा शेवट सांगितलात?"

शालननं हातावरचं पीठ झटकलं.

"खोटा कसा, गोपाळकृष्णकाका? त्या शेवटात तुमचा मिक्सर तीनदा दुरुस्त झालाय."